हातपाय चालतात तोवर फेडून घ्या

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलून झाले, पीकविम्यावर बोलून झाले. माझ्याकडे आलेला विषय म्हातारपणाचा आहे. अध्यक्षांनी विषय सांगितला तशी मागच्या रांगेतली तरुण पोरे चहाला उठली. उठू द्या. पण ज्यांनी पन्नाशी गाठली आहे त्यांनी अर्धा तास बसावे.

सरकारी नोकर ५८व्या वर्षी निवृत्त होतो. त्या दिवशी त्याला हार घालतात, शाल-नारळ देतात आणि निवृत्तीचा हुकूम हातात ठेवतात. शेतकऱ्याच्या निवृत्तीचा हुकूम कोणतेच खाते काढत नाही. तो त्याचे गुडघे काढतात. एका साली डवऱ्यामागे चालवत नाही. दुसऱ्या साली फवाऱ्याचा पंप पाठीवर पेलत नाही. तिसऱ्या साली डॉक्टर सांगतो, उन्हात जायचे नाही. झाली निवृत्ती! त्या दिवशी नोकराच्या पासबुकात काय जमा असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी विचारतो, त्या दिवशी तुमच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कात काय लिहिलेले असेल? आणि सातबाऱ्यावर ज्याची नोंद होत नाही, ते दुकानाचे आणि सावकाराचे किती असेल?

हा साहेबांचा उपदेश नव्हे

तुम्ही मनात म्हणाल, हा आता साहेबांसारखा बोलायला लागला. काटकसर करा, लग्नात खर्च करू नका, दारू पिऊ नका. चळवळीने चाळीस वर्षे सांगितले की शेतकरी कर्जात आहे तो उधळपट्टीमुळे नव्हे. त्याच्या मालाला खर्चाइतकाही भाव मिळू दिला जात नाही, म्हणून तो कर्जात आहे. ते सोडून हा आज काय सांगतो?

मी ते सोडलेले नाही. ते खरे होते आणि आजही खरे आहे. जागतिक व्यापार संघटनेपुढे भारत सरकारने स्वतः आकडे ठेवले, त्यांत १९८६ ते १९८८ या काळातली शेतमालाची मदत उणे निघाली. पुढे २०१८ साली आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेचा अभ्यास आला. त्यात २००० ते २०१६ या काळासाठीही हा आकडा सरासरीने सुमारे उणे १४ टक्के आहे. दुसऱ्या देशांत सरकार शेतकऱ्याच्या ताटात वाढते, आपल्याकडे ताटातले काढून घेते. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात एका हुकमासरशी बंद झाली. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बोंडे फुटायच्या आधीच ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. भाव चढायची वेळ आली की पाय ओढायचा, ही रीत जुनीच आहे.

तेव्हा कर्ज आपल्या पापाने झालेले नाही, हे पक्के समजा. पण भावांनो, कोणाच्या पापाने झाले याचा निवाडा लागेपर्यंत व्याज थांबत नाही. गुडघेही थांबत नाहीत. कर्जमुक्ती हा आपला हक्क आहे, तो मागत राहू. मात्र त्या भरवशावर म्हातारपण टांगून ठेवू नका, एवढेच मी सांगायला उभा आहे.

माफीचा हिशेब

मोठ्या माफ्या किती झाल्या ते बघा. १९९० साली १० हजारांपर्यंत. २००८ साली दोन हेक्टरच्या आतल्यांना पूर्ण. २०१७ साली दीड लाखापर्यंत. २०१९ साली दोन लाखांपर्यंत. पहिल्या दोन माफ्यांत १८ वर्षांचे अंतर. १९९० साली जो पंचेचाळिशीत होता तो २००८ साली ६३ वर्षांचा झाला. तेवढ्या काळात त्याने जे व्याज भरले ते कोणी परत केले नाही.

२००८ ची गोष्ट माझ्या घरचीच सांगतो. माझी नऊ एकर कोरडवाहू. बागायतीत दोन एकरवाला सुखी असतो आणि कोरडवाहूत नऊ एकरवाला उपाशी असतो, पण कागदावर मी मोठा शेतकरी ठरलो. मोठ्याला काय मिळणार होते? चौथा हिस्सा किंवा आपल्या भागात २० हजार, जे जास्त असेल ते. तेही उरलेले आधी भरले तर! उरलेले भरायला माझ्याकडे पैसे कुठे होते? मी सावकाराकडे गेलो आणि शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे काढले. सरकारची सूट घेण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर बसणारा मी एकटाच असेन असे वाटत होते. नंतर कळले, आमच्या गावातच आम्ही सहाजण होतो.

वहीतले चार धनको

२००९ साली मी ५२ वर्षांचा होतो. एका रात्री कारभारणीने पोराची जुनी वही काढली आणि म्हणाली, सांगा कोणाचे किती. मी तोंडाने एक आकडा सांगितला, वहीत दुसराच निघाला. बहुतेकांचे असेच होते. माणूस आपले कर्ज स्वतःपासूनही लपवतो.

वहीत चार नावे आली. सावकाराचे ६० हजार. सोसायटीचे नव्याने उचललेले ४० हजार. कृषी केंद्राची उधारी २२ हजार. आणि पोत गहाण ठेवून काढलेले १५ हजार. एकूण १ लाख ३७ हजार.

आता व्याज बघा. सावकाराच्या ६० हजारांवर शेकडा तीनने महिन्याला १,८०० आणि वर्षाला २१,६०० रुपये. त्या साली लांब धाग्याचा हमीभाव ३ हजार होता. म्हणजे सात क्विंटलांवर कापूस नुसता व्याजात जाणार आणि मुद्दल जागच्या जागी राहणार. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पिकले तर आपण बरे साल म्हणतो. दीड एकराची पेरणी, निंदण, डवरणी, फवारणी, वेचणी सगळी मी सावकारासाठी करत होतो. मी त्याचा सालदारच होतो, फक्त गुढीपाडव्याला साल ठरले नव्हते.

कृषी केंद्राच्या उधारीवर व्याज लावत नाहीत असे आपण समजतो. ते बियाण्या-खताच्या उधारीच्या भावात आधीच धरलेले असते, आणि उरलेले कापूस त्याच्याच काट्यावर घालताना जाते.

कारभारीण म्हणाली, सगळ्यांना थोडे थोडे देत बसलो तर कोणाचेच फिटणार नाही. सगळ्यात महाग आहे ते आधी. हे तिला कोणत्या बँकेने शिकवले नव्हते.

२०१०-११ च्या हंगामात भाव चढला. तुम्हाला आठवत असेल, कापूस ६ हजारांच्या वर गेला होता. माझा पंचवीस क्विंटल झाला. बारा क्विंटल डिसेंबरातच कृषी केंद्राला घालावा लागला, कारण उधारी होती. तेरा क्विंटल घरात कोंबून ठेवला, आम्ही ओसरीत निजलो. फेब्रुवारीत विकला आणि सावकाराचे मुद्दल-व्याज एका दिवसात टाकले. त्या साली गावात बऱ्याच नव्या मोटारसायकली आल्या. माझ्या पोराचे तोंड महिनाभर फुगलेले होते. पुढल्या साली पोत सुटली. तिसऱ्या सालापासून बियाणे-खत रोखीने आणायला लागलो.

राहिली सोसायटी. तिथे आपण सगळे एक खेळ खेळतो. जूनअखेर आली की आठ-पंधरा दिवसांसाठी कोणाकडून तरी पैसे घ्यायचे, सोसायटीत भरायचे, लगेच नवे उचलायचे आणि ज्याचे त्याला द्यायचे. याला आपण नवं-जुनं म्हणतो. कागदावर कर्ज दरसाल फिटते आणि माणूस साठीला पोचतो तेव्हा पहिल्याइतकेच किंवा वाढून उभे असते. मी एवढेच केले की दरसाल उचल ५ हजारांनी कमी केली. आठ वर्षे लागली. २०२० साली सोसायटी निरंक झाली, तेव्हा मी ६३ वर्षांचा होतो.

मधे २०१७ आणि २०१९ च्या माफ्या झाल्या. ज्यांनी भरले नव्हते त्यांचे माफ झाले. गावातले लोक मला हसले. हसण्यासारखेच होते! नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झाले, पण माझी उचलच थोडी, म्हणून मला मिळालेही थोडेच. हा अन्याय आहे आणि त्याबद्दल आपण भांडले पाहिजे. पण हसणाऱ्यांना मी एक विचारतो. माफी झाली ती बँका-सोसायट्यांच्या कर्जाची. परवाना असलेल्या सावकारांचे कर्ज सरकारने एकदा, २०१५ साली, विदर्भ-मराठवाड्यात भरले. बिनपरवान्याचा सावकार कोणत्याच यादीत नसतो. महिना तीन रुपयांचे तुमचे कर्ज कोणती माफी फेडणार?

कोणाचे आधी, कोणाचे मागून

यातून जे शिकलो ते सांगतो.

पहिले, बँकेचे दार उघडे ठेवा आणि सावकाराचे बंद करा. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ३० जूनच्या आत भरले तर केंद्राची आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्य पडते. तारीख चुकली की सवलत गेली. थकबाकीदार झालात की पुढची उचल नाही आणि पाय आपोआप सावकाराच्या ओट्याकडे वळतात. म्हणून सोसायटी नियमित ठेवा, उचल दरसाल थोडी थोडी कमी करा आणि हाती येणारा जादा पैसा आधी महागाच्या कर्जावर घाला.

दुसरे, २०१४ चा सावकारी कायदा माहीत असू द्या. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलाहून जास्त व्याज घेता येत नाही, आपल्या बापजाद्यांच्या भाषेत दामदुप्पट. बेकायदा सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर पंधरा वर्षांच्या आतली प्रकरणे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे नेता येतात, आणि चौकशीत सिद्ध झाले तर जमीन परत मिळते. पण आधीच सांगतो, कर्जासाठी खरेदीखत कधी करून देऊ नका. 'पैसे दिले की फिरवून देतो' हे तोंडाचे बोलणे असते आणि खरेदीखत स्टॅम्पावर असते.

तिसरे, पन्नाशीनंतर कोणाला जामीन राहू नका. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. भाऊबंद रुसेल. रुसू द्या.

चौथे, फिटले की बेबाकी दाखला घ्या, तलाठ्याकडे अर्ज द्या आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून नवा उतारा हातात घ्या. पैसे भरून दहा वर्षे झाली तरी बोजा तसाच, असे किती उतारे मी बघितले आहेत! मागे राहिलेल्या बाईला मग कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

वावर आणि घर हलके करा

नवे कर्ज होऊ द्यायचे नसेल तर पसारा कमी केला पाहिजे. चाळिशीत जेवढी पऱ्हाटी सांभाळली तेवढी साठीत सांभाळली जात नाही. मग मजूर लावावे लागतात, आणि वेचणीच्या मजुरीत कापूस अर्धा होतो. मी पाच एकरांचा कापूस दोन एकरांवर आणला, त्यात तुरीच्या ओळी. दोन एकर ज्वारी. ज्वारीला भाव नाही, डुकरे आणि पाखरे खातात, सगळे कबूल. पण घरातली भाकरी आणि गोठ्यातला कडबा विकत घ्यावा लागत नाही. साठीनंतर पिकाचा हिशेब करताना ते किती पैसे देते यासोबत ते किती उधारी मागते हेही बघा. उरलेले पाच एकर ठोक्याने दिले आहेत. कागद दरसाल नवा आणि मुदत एकच साल.

बैलांचे सांगताना जीव तुटतो. पूर्वी म्हातारी होत आलेली जोडी बाजारात नेली की वर थोडे घालून तरुण जोडी येत असे. बैल ही शेतकऱ्याची ठेव होती. २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाचे मोल गेले. आता म्हातारा बैल आणि म्हातारा मालक, दोघांनाही बसून खायला घालायचे आहे आणि सरकार दोघांचाही खर्च देत नाही. ज्यांची जोडी अजून कामाची आहे त्यांनी आताच विचार करावा. थोड्या वावराला भाड्याची मशागत परवडते का, ते कागदावर मांडून बघा.

लग्नाबद्दल मी उपदेश करणार नाही. एवढेच सांगतो की लग्न एका दिवसाचे असते आणि त्यासाठी काढलेले महिन्याच्या व्याजाचे कर्ज नातू शाळेत जाईपर्यंत चालते. माझ्या धाकटीच्या लग्नात मी हात जोडून सांगितले, आहे तेवढ्यातच करणार. व्याही दोन दिवस नाराज होते. आज तेच व्याही माझे उदाहरण देतात.

जमीन आणि म्हातारी

आता शेवटचे आणि सगळ्यात महत्त्वाचे. कर्ज फिटले म्हणून हुरळून जाऊन सगळी जमीन पोरांच्या नावे करून मोकळे होऊ नका. पोरे वाईट नसतात, त्यांच्याही गळ्याशी आलेले असते. पण सातबाऱ्यावर नाव असते तोवर म्हाताऱ्याच्या ताटात भाकरी गरम पडते. वाटणी करा, कष्ट करणाऱ्या पोराला कसू द्या, पण स्वतःपुरती जमीन स्वतःच्या नावे राहू द्या. पोरीचाही हिस्सा २००५ च्या दुरुस्तीने पोराइतकाच आहे, तो लक्षात घेऊनच वाटणी करा. बक्षीसपत्र करायचेच असेल तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात लिहून घ्या. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने, सांभाळ केला नाही तर असे हस्तांतरण रद्द करून मागता येते आणि अर्ज प्रांताकडे करता येतो. अट लिहिलेली नसेल तर भांडण अवघड होते.

आणि बाईचे नाव? १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करून दिला. त्या वेळी काहींनी चेष्टा केली. त्या बाया आज म्हाताऱ्या आहेत. ज्यांचे नाव लागले होते आणि ज्यांचे लागले नव्हते, त्यांच्यातला फरक ज्याने त्याने आपल्या गावात बघावा. बाई बहुधा वयाने लहान असते, मागे तीच राहते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० मिळतात, त्यातही उत्पन्नाची अट. तेवढ्यात औषधही भागत नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम मोठ्याने सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यांत या कर्जापायी किती घरे उजाड झाली ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. बापाचे कर्ज पोराच्या मानेवर बसत नाही. २००५ नंतर कायद्याने बापाचे कर्ज फेडणे हा पोराचा धर्म राहिलेला नाही. वारसाला जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी असते. आणि कर्जासाठी जीव देण्याचे तर काहीच कारण नाही. माणूस गेल्याने कर्ज जात नाही, कर्जाशी भांडणारा तेवढा जातो. ज्याच्या मनात असा विचार येत असेल त्याने आज इथेच कोणाचा तरी हात धरावा. आपल्या गावात कोणी गप्प गप्प राहत असेल तर त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. वही काढा. सावकाराकडे बोलायला जायचे असेल तर चौघे मिळून जा. चळवळीचे यापेक्षा मोठे काम नाही.

थांबायची ताकद

तुम्ही म्हणाल, ज्याने त्याने आपापले कर्ज फेडायचे, यात चळवळ कुठे आली? माझे तेरा क्विंटल आठवा. जो कर्जात आहे त्याला कापूस वेचला की घालावा लागतो. भाव काय असेल तो असो. ज्याच्या मागे तगादा नाही तो फेब्रुवारीपर्यंत थांबू शकतो. बाजाराला भीती वाटते ती थांबू शकणाऱ्या शेतकऱ्याची. घोषणांना बाजार घाबरत नाही. बाजारात कापूस आणू नका असे आंदोलन आपण पुकारतो, तेव्हा चौथ्या दिवशी कोणाची गाडी निघते? ज्याच्या दारात सावकार उभा असतो त्याची. त्याला दोष देऊ नका, त्याला मोकळा करा.

आज माझे वय ६८ आहे. माझ्याकडे बंगला नाही, मोटार नाही. दोन एकर पऱ्हाटी, दोन एकर ज्वारी, ठोक्याचे थोडे पैसे आणि कोरा सातबारा आहे. निम्मी जमीन कारभारणीच्या नावे आहे. रस्त्याने जाताना कोणाला चुकवून दुसऱ्या गल्लीने जावे लागत नाही. तुमच्यातल्या पुष्कळांना कळेल मी काय म्हणतो ते.

आज घरी गेल्यावर एवढे करा. जेवण झाले की घरच्या बाईला शेजारी बसवा आणि वहीत कोणाचे किती ते लिहा. खरे लिहा. सगळ्यात महाग कोणते त्याच्याखाली रेघ ओढा. पुढच्या बैठकीला भावाच्या ठरावाआधी, ज्यांची ती एक रेघ पुसली गेली त्यांनी हात वर करावेत. ते हात मला मोजायचे आहेत.